काउंटीच्या दप्तरातून कागद कसा काढायचा: अमेरिकेत नव्यानं आलेल्यांसाठी

फ्रीमॉन्ट आणि मिल्पिटस ही कॅलिफोर्नियातली दोन शहरं एकमेकांना खेटून आहेत. किराणा आणायला इकडून तिकडे गेलात तर हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. पण फ्रीमॉन्टमधल्या घराचं खरेदीखत शोधायचं तर ओकलंडचं कार्यालय गाठावं लागतं आणि मिल्पिटसमधल्या घराचं शोधायचं तर सॅन होजेचं. पहिलं शहर ॲलमीडा काउंटीत, दुसरं सांता क्लारा काउंटीत. काउंटी म्हणजे राज्याखालचा, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. एकीचा कागद दुसरीकडे मागितलात तर खिडकीवरचा माणूस अगदी गोड हसून ‘आमच्याकडे नाही’ म्हणतो. मग कुठे आहे, हे शोधणं तुमच्यावर येतं.

जन्म, लग्न, मृत्यू, घराची खरेदी, त्यावरचं कर्ज, घटस्फोट, दुकानाचं नाव, या सगळ्याचं देशभराचं एकच दप्तर अमेरिकेत नाही. तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, वेबसाइट वेगळी. त्यामुळे ग्रुपवर कोणी ‘अमेरिकेत हे असंच असतं’ असं ठासून सांगितलं की पहिला प्रश्न विचारा: कुठल्या राज्यात, कुठल्या काउंटीत? टेक्सासमधल्या डॅलसच्या मित्राचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये उपयोगाचा नसतो, हा नियम धरूनच चला.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. तुम्ही आज कुठे राहता याला काही अर्थ नाही. घर जिथे आहे, बाळ ज्या गावच्या हॉस्पिटलात जन्मलं, लग्नाचा परवाना जिथून काढला, कागद तिथेच असतो. तुम्ही नंतर तीन राज्यं बदललीत तरी तो तिथून हलत नाही.

आधी काउंटी नक्की करा

पत्त्यातल्या शहराच्या नावावर विसंबू नका. ते टपालखात्यानं आपल्या सोयीसाठी दिलेलं असतं. टेक्सासमधलं फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेलं आहे, इलिनॉयमधलं नेपरविल ड्यूपेज आणि विल या दोन काउंट्यांत. पिनकोडही काउंटीच्या हद्दी पाळत नाही. घर तुमचं असेल तर मालमत्ता कराचं बिल पाहा, वर काउंटीचं नाव छापलेलं असतं. भाड्यानं राहत असाल तर शोधयंत्रात पूर्ण पत्ता आणि पुढे ‘काउंटी’ असं टाका, आणि मिळालेलं उत्तर त्या काउंटीच्या असेसरच्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वेबसाइटवर पत्ता घालून पडताळून घ्या.

काही ठिकाणी हा सगळा हिशेबच बदलतो. न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटन म्हणजे न्यूयॉर्क काउंटी, ब्रुकलिन म्हणजे किंग्ज काउंटी आणि स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड काउंटी. बाल्टिमोर शहर बाल्टिमोर काउंटीत येत नाही, दोन्ही स्वतंत्र आहेत. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. कनेक्टिकटमध्ये काउंटी सरकारच १९६० साली बंद झालं, तिथे जमिनीचे कागद टाउन क्लर्ककडे मिळतात. न्यू जर्सीत काम वाटून दिलेलं आहे: एडिसनमधल्या घराचं खरेदीखत मिडलसेक्स काउंटीच्या क्लर्ककडे न्यू ब्रन्स्विकला, पण लग्नाचा परवाना मात्र गावच्या रजिस्ट्रारकडे.

मग टेबल नक्की करा

नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो इथे. एकाच घराबद्दलची माहिती तीन वेगळ्या कार्यालयांत असते. रेकॉर्डर दस्त नोंदवतो आणि जपून ठेवतो, म्हणजे आपल्याकडच्या दुय्यम निबंधकाचं काम. असेसर घराची करासाठीची किंमत ठरवतो. ट्रेझरर किंवा टॅक्स कलेक्टर पैसे गोळा करतो. कराच्या बिलात आकडा चुकीचा वाटला म्हणून टॅक्स कलेक्टरकडे भांडायला गेलात तर तो तुम्हाला असेसरकडे पाठवणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

कार्यालयांची नावंही एकसारखी नाहीत. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्यांत क्लर्क-रेकॉर्डर हे एकच कार्यालय आहे. शिकागोच्या कुक काउंटीत रेकॉर्डरचं कार्यालय डिसेंबर २०२० मध्ये क्लर्कच्या कार्यालयात विलीन झालं, त्यामुळे जुने लेख वाचून निघालात तर नसलेली पाटी शोधत बसाल. टेक्सासमध्ये खरेदीखतं आणि लग्नाचे परवाने काउंटी क्लर्ककडे, घटस्फोटाची प्रकरणं डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे आणि घराचं मूल्यांकन तिसऱ्याच ठिकाणी, ‘अप्रेझल डिस्ट्रिक्ट’कडे. फोनवर आधी एवढंच विचारा, ‘अमुक प्रकारचा कागद तुमच्या विभागाकडे असतो का?’ कागदाचा प्रकार नेमका सांगा. ‘घराचे पेपर्स’ म्हटलंत तर फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.

घराचे कागद

सातबाऱ्यासारखा ‘आज मालक कोण’ हे एका पानावर सांगणारा उतारा इथे बहुतेक राज्यांत नाही. दस्तांची साखळी असते: अमक्यानं तमक्याला विकलं, तमक्यानं बँकेकडून कर्ज घेतलं, कर्ज फिटलं, मग पुढच्याला विकलं. ही साखळी तुम्ही जोडायची. रेकॉर्डरकडची सूची विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावानं लावलेली असते. महाराष्ट्रात इंडेक्स टू काढलेल्या माणसाला ही पद्धत लगेच उमगेल.

शोधताना आडनाव आधी, मग पहिलं नाव. इथे मराठी नावांचा घोळ होतो. ‘वाघमारे’ व्हीनं की डब्ल्यूनं? ‘दीक्षित’मधला ‘क्षि’ कोणी के-एस-एचनं लिहिलाय की एक्सनं? वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून नोंदलंय, नुसतं आद्याक्षर घेतलंय, की कारकुनानं ते आडनावाला जोडून टाकलंय? म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका, तारखांची मर्यादा घाला आणि यादीवरून नजर फिरवा. पार्सल क्रमांक, म्हणजे जमिनीच्या त्या तुकड्याला करासाठी दिलेला क्रमांक, हाताशी असेल तर असेसरकडची माहिती क्षणात निघते. कॅलिफोर्नियात त्याला एपीएन म्हणतात, कुक काउंटीत तोच चौदा आकडी पिन. पण रेकॉर्डरची सूची या क्रमांकानं शोधता येतेच असं नाही, तिथे पुन्हा नावाशीच गाठ.

घरबसल्या काय दिसेल हेही जागेवर ठरतं. न्यूयॉर्क शहराच्या ‘एक्रिस’ या प्रणालीवर मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स आणि ब्राँक्समधले १९६६ पासूनचे दस्त फुकट उघडून वाचता येतात. स्टेटन आयलंडसाठी मात्र तिथल्या काउंटी क्लर्ककडे जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या पुष्कळ काउंट्या वेबसाइटवर फक्त सूची दाखवतात. प्रत्यक्ष दस्त पाहायला कार्यालयात जाऊन तिथल्या संगणकासमोर बसायचं किंवा दस्त क्रमांक देऊन प्रत मागवायची. पाहायला पैसे पडत नाहीत, प्रत काढायला पानागणिक पडतात.

आता कॅलिफोर्नियातल्या खरेदीखताचं पहिलं पान समोर घ्या. वर डावीकडे ‘कोणाच्या विनंतीवरून नोंदवलं’ आणि ‘नोंदणीनंतर कुठे पाठवायचं’ असं लिहिलेलं असतं. उजवीकडची जागा रेकॉर्डरच्या शिक्क्यासाठी: दस्त क्रमांक, तारीख, वेळ, पानं, फी. पुढच्या वेळी हा दस्त मागायचा तर तुम्हाला फक्त तो क्रमांक लागेल, म्हणून लिहून ठेवा. त्याखाली ‘डॉक्युमेंटरी ट्रान्सफर टॅक्स’ असा एक आकडा असतो. काउंटीचा दर हजार डॉलरला १.१० डॉलर आहे. म्हणजे तिथे १,३२० डॉलर लिहिलं असेल तर घर साधारण बारा लाखांना गेलं. शेजाऱ्यानं किती मोजले हे त्याला न विचारता कळण्याची ही वाट आहे आणि ती पूर्ण कायदेशीर आहे. काही शहरांचा स्वतःचा वेगळा कर असतो, तो या हिशेबात मिसळू नका. टेक्सासमध्ये ही युक्ती चालत नाही, तिथे विक्रीची किंमत सरकारला कळवण्याची सक्तीच नाही आणि खतावर बहुधा ‘दहा डॉलर आणि इतर मोबदला’ एवढंच असतं.

मग नावं वाचा, अगदी अक्षर न् अक्षर. पासपोर्टवरचं नाव आणि खरेदीखतावरचं नाव जुळतंय का? नवरा-बायको दोघांची नावं आहेत का, आणि मालकी कुठल्या प्रकारची लिहिली आहे? एकाच्या पश्चात घर आपोआप दुसऱ्याच्या नावावर होणार की कोर्टाची पायरी चढावी लागणार, हे त्या एका ओळीवर ठरतं. चूक आढळली तर तेव्हाच टायटल कंपनीला (खरेदीच्या वेळी मालकीहक्क तपासून त्याचा विमा देणाऱ्या कंपनीला) गाठून दुरुस्तीचा दस्त नोंदवून घ्या. दहा वर्षांनी घर विकायला काढाल तेव्हा हीच चूक खूप महागात पडते. कर्ज फेडलं किंवा रिफायनान्स केलं की काही आठवड्यांनी सूचीत पुन्हा डोकवा: जुन्या बँकेचा बोजा उतरल्याचा दस्त, कॅलिफोर्नियात ज्याला ‘रीकन्व्हेयन्स’ म्हणतात, तो नोंदला गेलाय ना?

असेसरच्या वेबसाइटवरची किंमत म्हणजे बाजारभाव समजू नका. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ या मतदारांनी मंजूर केलेल्या तरतुदीमुळे करासाठीची किंमत खरेदीच्या भावावर बांधली जाते आणि त्यानंतर वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढते. चाळीस वर्षं राहणारे शेजारचे आजोबा तुमच्या तुलनेत किरकोळ कर भरतात ते यामुळे. नव्या मालकाला आणखी एक धक्का बसतो तो ‘सप्लिमेंटल’ बिलाचा. जुन्या आणि नव्या किमतीतल्या फरकाचं हे बिल वेगळं येतं, थेट तुमच्या नावावर येतं, आणि बँक ते आपोआप भरेल असं गृहीत धरता येत नाही. काउंटीचा लिफाफा आला की फोडा.

घर जुनं असेल तर आणखी मागे जाऊन पाहा. १९२० ते १९४० च्या दशकांतल्या वसाहतींच्या दस्तांत ‘ही मालमत्ता गोऱ्या वंशाच्या व्यक्तीशिवाय कोणी घेऊ नये वा वापरू नये’ अशी कलमं सर्रास सापडतात. नोकरांना तेवढी सवलत असे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयानं ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात ही कलमं न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत असं सांगितलं आणि १९६८ च्या कायद्यानं असा भेदभावच बेकायदा ठरवला. शब्द मात्र दप्तरात राहिले. कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये कायदा करून काउंटी रेकॉर्डरांना ही कलमं शोधून झाकायचं काम दिलं आहे. आपल्या लोकांचाही याच्याशी संबंध आहे. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता ‘गोरा’ नाही असं ठरलं, आणि नागरिकत्वाला अपात्र परदेशीयांना शेतजमीन घ्यायला मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा १९१३ चा कायदा पंजाबी शेतकऱ्यांवर लागू झाला. आज ज्या सूचीत पानंच्या पानं देशपांडे आणि पटेल सापडतात, तिच्याच जुन्या खंडांत हे सगळं नोंदलेलं आहे. वेळ असेल तर एखादी दुपार तिथे घालवण्यासारखी आहे.

घर घेण्याआधी बांधकामाचे परवानेही तपासा. गॅरेजची खोली केली आहे, मागे एक कॉटेज उठवलं आहे, पण त्याचा परवाना कुठे दिसत नाही, असं बऱ्याचदा निघतं. परवाने शहराच्या इमारत विभागाकडे मिळतात, आणि घर कुठल्याच शहराच्या हद्दीत नसेल तर काउंटीकडे.

लग्न आणि जन्म: नावाचा मामला

लग्नाचा परवाना आणि लग्नाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना लग्नाआधी, दोघांनी जाऊन काढायचा. कॅलिफोर्नियात तो नव्वद दिवस आणि राज्यभर चालतो. टेक्सासमध्ये परवाना मिळाल्यावर सहसा बहात्तर तास थांबावं लागतं. लग्न लावणाऱ्यानं, म्हणजे भटजींनी, त्यावर सही करून तो परवाना देणाऱ्या काउंटीकडे परत पाठवायचा असतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी दहा दिवसांची मुदत आहे. भटजींची पुढच्या शनिवार-रविवारची लग्नं ठरलेली असतात, तेव्हा लिफाफा तिकीट लावून आणि पत्ता घालून तुम्हीच तयार ठेवा, आणि शक्य असेल तर मांडवातच सही घेऊन स्वतः टपालात टाका. परवाना सांता क्लाराचा आणि लग्न नापाच्या द्राक्षमळ्यात लागलं, तरी नोंद सांता क्लारातच होते. दाखल्याची प्रमाणित प्रत आपोआप घरी येत नाही, ती वेगळी मागावी लागते.

परवान्याच्या अर्जावर ‘लग्नानंतरचं नाव’ असा रकाना असतो. मराठी मुलींनी इथे थांबून विचार करावा. नवऱ्याचं पहिलं नाव मधलं नाव म्हणून लावायची आपली पद्धत कॅलिफोर्नियाच्या या रकान्यात बसत नाही. मधल्या नावासाठी कायद्यानं दिलेले पर्याय आडनावांभोवती फिरतात: जोडीदाराचं आडनाव, जन्माचं आडनाव, किंवा स्वतःच्या मधल्या नावाला आडनाव जोडून. तसं नाव हवंच असेल तर न्यायालयातून नाव बदलावं लागेल. आणि एकदा रकाना भरून लग्न नोंदलं गेलं की ‘विचार बदलला’ म्हणून खाडाखोड होत नाही.

बाळाचा दाखलाही तसाच. हॉस्पिटलात जो फॉर्म पुढे येतो तो झोप न झालेल्या आईबापांनी घाईत भरलेला असतो, आणि तोच पुढे दाखला होतो. बाळाच्या नावात वडिलांचं नाव घालायचं की नाही हे हॉस्पिटलला जाण्याआधी ठरवा. कॅलिफोर्नियात नंतर दुरुस्ती करता येते, पण दुरुस्तीचं पान मूळ दाखल्याला जोडलं जातं, जुनी नोंद पुसली जात नाही. पुष्कळ काउंट्यांत अलीकडच्या जन्मांचे दाखले आरोग्य विभागाकडे मिळतात आणि जुने क्लर्क-रेकॉर्डरकडे.

मागताना दोन गोष्टी पाहा. एक, आईवडिलांची नावं असलेला पूर्ण दाखला मागा, बाळाच्या अमेरिकन पासपोर्टला आणि ओसीआयला तोच चालतो. दोन, कॅलिफोर्नियात प्रमाणित प्रती दोन प्रकारच्या असतात. हक्क असलेल्यांना मिळणारी अधिकृत, आणि कोणालाही मिळणारी ‘केवळ माहितीसाठी’. दुसरीवर ‘ओळख सिद्ध करण्यास वैध नाही’ असा ठळक शिक्का असतो आणि ती पासपोर्टला चालत नाही. अधिकृत प्रत टपालानं मागवायची तर शपथपत्रावर नोटरीसमोर सही लागते. इथला नोटरी वकील असायची गरज नसते. बँकेत किंवा कुरिअरच्या दुकानातही तो भेटतो.

बाकीचं थोडक्यात

घटस्फोटाचा हुकूमनामा न्यायालयाच्या क्लर्ककडे मागायचा. न्यूयॉर्कमध्ये खटले चालवणाऱ्या खालच्या न्यायालयालाच ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणतात, नाव ऐकून दचकू नका. घटस्फोटाच्या फायली तिथे शंभर वर्षं पक्षकार आणि त्यांच्या वकिलांखेरीज कोणाला दाखवत नाहीत. दिवाळखोरी हा केंद्राच्या न्यायालयांचा विषय, काउंटीत शोधू नका. ‘अमुक टिफिन’ असं नाव लावून धंदा करायचा तर कॅलिफोर्नियात काउंटी क्लर्ककडे नाव नोंदवून चार आठवडे वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. ही नोंद पाच वर्षं टिकते. एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, मात्र राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे. उपाहारगृहांच्या तपासणीचे अहवाल काउंटीच्या आरोग्य विभागाच्या वेबसाइटवर असतात. वाचल्यावर काही ठिकाणी जेवावंसं वाटणार नाही, एवढी तयारी ठेवा.

नोंदलेला दस्त नसेल तर

करार, ईमेल, तक्रारी, तपासणीचे कागद असं काही हवं असेल तर लेखी मागणी करायची. त्यासाठी राज्याचा कायदा सांगा. प्रसिद्ध ‘फोया’ (माहिती स्वातंत्र्याचा) कायदा फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे. कॅलिफोर्नियात दहा दिवसांत ‘देणार की नाही’ एवढं उत्तर द्यावं लागतं, न्यू जर्सीत सात कामाचे दिवस, इलिनॉयमध्ये पाच. व्हर्जिनियाचा कायदा मुख्यतः त्याच राज्यातल्या नागरिकांना हक्क देतो, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ते मान्य केलं आहे. माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज केलेल्यांना पद्धत ओळखीची वाटेल, स्टॅम्प तेवढा लागत नाही.

मागणी जितकी नेमकी तितकं उत्तर लवकर. ‘माझ्या शेजारच्या प्लॉटबद्दल सगळं द्या’ असं लिहू नका. असं लिहा: ‘अमुक पत्त्यावरचे १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळातले बांधकाम परवाने, तपासणी अहवाल आणि तक्रारी, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. खर्च पंचवीस डॉलरहून जास्त होणार असेल तर आधी कळवावे.’ शेवटचं वाक्य विसरू नका.

खिडकीवर ‘मी काय करू?’ विचारलंत तर ‘आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही’ हे ठरलेलं वाक्य ऐकायला मिळेल. तोच प्रश्न ‘या कामासाठी लोक बहुधा कुठला फॉर्म भरतात?’ असा विचारा, फॉर्म लगेच हातात येतो. आणि दस्त नोंदवायचा असेल तर सकाळी जा. नोंदणीची खिडकी बऱ्याच ठिकाणी कार्यालयाच्या वेळेआधीच बंद होते.

भारतात वापरायचा असेल तर

अमेरिकेतला लग्नाचा किंवा जन्माचा दाखला भारतात चालवायचा तर बहुतेक कामांना त्यावर अपॉस्टिल लागतं, म्हणजे कागद परदेशात मानला जावा म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार जोडलेलं सरकारी प्रमाणपत्र. भारत या करारात २००५ साली आला. अपॉस्टिल देतं ते दाखला ज्या राज्यातला त्या राज्याचं सरकार, बहुधा सेक्रेटरी ऑफ स्टेट. वॉशिंग्टनला पाठवू नका, तिथे फक्त केंद्र सरकारच्या कागदांचं काम होतं. काही ठिकाणी मध्ये काउंटी क्लर्कची एक सही आधी घ्यावी लागते, ते राज्याच्या वेबसाइटवर वाचून घ्या. झेरॉक्स चालत नाही, शिक्का असलेली प्रमाणित प्रतच लागते. ती लॅमिनेट करू नका आणि एकीऐवजी दोन-तीन मागवा.

घर घेतल्यावर महिनाभरात एक पत्र येईल, सरकारी वाटणारं, मुदत छापलेलं: ‘आपल्या खरेदीखताची प्रत मिळवण्यासाठी शंभरेक डॉलर भरा.’ ते खाजगी कंपनीचं असतं. बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. तुमचा पत्ता त्यांनी रेकॉर्डरच्या खुल्या सूचीतूनच उचललेला असतो, आणि तीच प्रत काउंटी तुम्हाला थोड्या डॉलरांत देते. पत्र टोपलीत टाका. त्याऐवजी काउंटीच्या वेबसाइटवर फसवणुकीच्या सूचनेची मोफत सोय आहे का ते पाहा, कुक काउंटीसह पुष्कळ ठिकाणी आहे. तिथे स्वतःचं नाव नोंदवा, म्हणजे तुमच्या नावानं कुठलाही दस्त नोंदला गेला की ईमेल येतो. नाव नोंदवताना स्पेलिंगचे सगळे प्रकार घाला, व्हीचाही आणि डब्ल्यूचाही.